रिदमिक जिम्नॅस्टिक्स: मुलीला स्पर्धेत उतरवायचं तर

जिल्हा आणि विभाग पातळीवर रिदमिकची मुलगी मागं पडते ती बहुतेक वेळा एकाच कारणानं: ॲपरेटस, म्हणजे बॉल, हूप, रिबनसारखं साधन, हातातून सुटतं. बॉल निसटला आणि जागच्या जागी उचलला तर ०.५० गुण जातात. एक-दोन पावलं जाऊन उचलावा लागला तर ०.७०, आणि तीन किंवा जास्त पावलं पळावं लागलं तर पूर्ण १ गुण. शिवाय ज्या टॉससाठी (उंच फेकीसाठी) एवढा आटापिटा केला, त्याची किंमत मिळत नाही ती वेगळीच. अंग कमी वळतं म्हणून हरलेल्या मुली थोड्या. संगीतावर बसवलेली रचना झेपली नाही म्हणून हरलेल्या जास्त. मराठवाड्यात पूर्ण मापाचं कार्पेट रोज पायाखाली मिळत नाही, त्यामुळं इथं हे जास्तच जाणवतं. म्हणून पुढं जे लिहिलं आहे त्या सगळ्याला एकच कसोटी लावली आहे: सरावात दहापैकी आठ वेळा जमतं तेच रचनेत घालायचं.

सुरुवात

पाच ते सात वर्षं हे सुरुवातीचं चांगलं वय. आठव्या-नवव्या वर्षी आलेली मुलगीही राज्यापर्यंत जाऊ शकते. अकराव्या वर्षी आली आणि आधी दोरीचा मल्लखांब, योगासनं किंवा भरतनाट्यम केलेलं असेल तरी दार बंद नाही, पण प्रत्येकीची दुरुस्ती वेगळी असते. मल्लखांबातून आलेल्या मुलीला ताकद आणि धीटपणा असतो. खांदे मात्र आवळलेले असतात आणि पायाचा पॉइंट (ताणलेला पंजा) नसतो. योगासनातली मुलगी आसनात छान स्थिरावते, पण तिथं सावकाश जायची सवय लागलेली असते. रिदमिकमध्ये तीच स्थिती संगीताच्या ठोक्यावर एका झटक्यात यावी लागते. भरतनाट्यमच्या मुलीला ताल पक्का असतो, गुडघे मात्र वाकलेले राहतात. ते सरळ करण्यात पहिले सहा महिने जातात, हे पालकांना आधीच सांगून ठेवावं.

निवड करताना फक्त स्प्लिट (दोन्ही पाय एका रेषेत फाकवणं) बघू नका. मुलीला बॉल द्या, दोन्ही हात समोर धरायला लावा आणि एका तळव्यापासून छातीवरून दुसऱ्या तळव्यापर्यंत घरंगळू द्या. वीस वेळा पडला तरी एकविसाव्यांदा ती स्वतःहून उचलते का, ते बघा. आमच्या मते हीच खरी चाचणी.

प्रवेश घेतानाच क्लास नेमका कशाचा आहे ते विचारा. आर्टिस्टिक, रिदमिक आणि एरोबिक हे वेगळे प्रकार आहेत. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी एकच सर तिन्ही शिकवतात. त्यात गैर काही नाही, पण स्पर्धेची नोंद प्रकारानुसार होते. रिदमिक आंतरराष्ट्रीय पातळीवर फक्त मुलींचा खेळ आहे.

पहिल्या वर्षी आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड तास पुरतात. दहाव्या वर्षापर्यंत पाच दिवस, दोन ते अडीच तास. राज्यस्पर्धेची तयारी असेल तर सहा दिवस तीन तास. सातवा दिवस सुट्टीचा, आणि त्या दिवशी घरीही 'थोडं स्ट्रेचिंग' नको.

जागा

स्पर्धेचं मैदान १३ बाय १३ मीटर. बॅडमिंटन कोर्टाची लांबी १३.४० मीटर असते, रुंदी ६.१० मीटर. म्हणजे शेजारी-शेजारी दोन कोर्ट असलेला तालुक्याचा हॉल जवळजवळ पूर्ण मापाचा निघतो. चौकोन आखताना चारही बाजू मोजून भागत नाही, कोपरे काटकोनात येत नाहीत. कर्ण मोजा: दोन्ही कर्ण १८ मीटर ३८ सेंटीमीटर आले की चौकोन बरोबर. रेषेसाठी मास्किंग टेप वापरा, निघताना फरशीला डिंक राहत नाही. मुलगी किंवा ॲपरेटस रेषेबाहेर गेलं की ०.३० जातात. रोज रेषा बघून सराव केलेल्या मुलीला ही सीमा अंगवळणी पडते. अर्ध्या हॉलमध्ये शिकलेली मुलगी मोठ्या कार्पेटवर एक तर कोपऱ्यात घुटमळते, नाही तर सरळ बाहेर जाते.

शहाबादी फरशीवर उड्या मारू देऊ नका. नडगीचं हाड आतल्या बाजूनं दुखायला लागतं आणि ते दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. उड्यांपुरती तरी फोमची मॅट टाका. सतरंजी टाकायची तर कडा टेपनं चिकटवा, नाही तर टर्न घेताना तीच पायाखालून सरकते.

आता छताविषयी, कारण इथंच खरी अडचण येते. हातापासून ३ मीटर वर गेलेला बॉल साधारण दीड सेकंदात परत येतो, ६ मीटर गेलेला सव्वादोन सेकंदात. खाली एक कोलांटी घेऊन उभं राहायला एक सेकंद तरी जातो. म्हणजे बुटक्या हॉलमध्ये टॉसखाली एकच फेरी बसते. दोन फेऱ्यांची रिस्क, म्हणजे ॲपरेटस हवेत असताना खाली दोन फेऱ्या घेऊन ते झेलणं, तिथं शिकवताच येत नाही. शिकवायचा हट्ट धरला की मुलगी फेरी अर्धवट सोडून हात पुढं काढायला शिकते, आणि ती खोड मग मोठ्या हॉलमध्येही जात नाही. उपाय असा: उंच टॉस पहाटे मैदानावर, वारं पडलेलं असताना, फक्त बॉल, हूप (मोठं कडं) आणि क्लब्ज (मुद्गलासारखी जोडी) घेऊन. उजाडल्यावर वारा सुटला की हूप भरकटतो. रिबन मैदानावर नेऊच नका. धूळ बसली की ती जड होते आणि कडेला खडबडीत पडते.

हॉलमध्ये रिबन काढायच्या आधी पंखे बंद. रिबन पंख्यात गेली तर काडी हातातून हिसकली जाते, आणि लहान मुलगी ती सोडायच्या ऐवजी घट्ट धरते. 'ओढली गेली की सोडून दे' हे तिला पहिल्याच दिवशी सांगा.

ॲपरेटस: काय, किती मापाचं, कसं सांभाळायचं

एकदम सगळं घेऊ नका. आधी रोप (दोरी) आणि बॉल, मग हूप, त्यानंतर रिबन आणि शेवटी क्लब्ज. ज्येष्ठ गटात आज वैयक्तिक स्पर्धा हूप, बॉल, क्लब्ज आणि रिबन या चारांवर होते. लहान गटांत कोणतं ॲपरेटस आहे ते दरवर्षी परिपत्रकात येतं. ते बघितल्याशिवाय संगीत कापायला बसू नका.

रोपचं माप मुलीच्या उंचीवर. रोपच्या मधोमध दोन्ही पायांनी उभं राहायचं आणि टोकं वर ओढायची. ती काखेपर्यंत आली की माप बरोबर. मुठी नसतात, टोकाला गाठ मारतात.

बॉलचा व्यास १८ ते २० सेंटीमीटर, वजन किमान ४०० ग्रॅम. व्यास मोजणं अवघड, म्हणून शिंप्याच्या टेपनं घेर मोजा: ५७ ते ६२ सेंटीमीटरच्या दरम्यान यायला हवा. वजन किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करून घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला बॉल दुपारी फुगतो आणि घेर वाढतो. मोजमाप स्पर्धेच्या हॉलमध्ये, बॉल अर्धा तास सावलीत ठेवल्यावरच करा. बॉल गुळगुळीत होऊन निसटायला लागला तर कारण बहुतेक वेळा धूळ आणि तळहाताचं तेल असतं. ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा. सरावाच्या दिवशी मुलीच्या केसांना तेल लावू नका, ते मान आणि खांद्यावरून बॉलवर उतरतं.

हूपचा आतला व्यास ८० ते ९० सेंटीमीटर, वजन किमान ३०० ग्रॅम. लहान मुलीला त्याहून छोट्या हूपवर शिकवतात: उभा धरल्यावर कमरेच्या हाडापर्यंत आला की पुरे. विकत घेताना हूप सपाट फरशीवर आडवा ठेवा आणि एका बाजूनं बोटानं दाबा. दुसरी बाजू उचलली गेली तर तो वाकडा आहे. असा हूप घरंगळताना वळतो आणि हवेत हेलकावतो. मुलीचं काही चुकलेलं नसतं, पण बोलणी तीच खाते. टेप गुंडाळायची सुरुवात हूपच्या जोडापासून करा, तिरकी, आधीच्या वेढ्यावर अर्धी चढवत, आणि न ताणता. ताणलेली टेप उन्हात आखडते आणि कडा सुटतात.

क्लब्ज ४० ते ५० सेंटीमीटर लांब, प्रत्येकी किमान १५० ग्रॅम, डोक्याचा व्यास जास्तीत जास्त ३ सेंटीमीटर. दोन्हींचं वजन सारखं आहे ना, ते दुकानातच बघा. क्लब्ज शिकताना डावा हात उघडा पडतो, म्हणून पहिले दोन महिने नुसत्या डाव्या हातानं छोटी वर्तुळं आणि छोटे टॉस करून घ्या.

रिबन ज्येष्ठ गटात ६ मीटर, कनिष्ठ गटात ५ मीटर. रुंदी ४ ते ६ सेंटीमीटर. काडी ५० ते ६० सेंटीमीटर. काडीकडचं टोक जास्तीत जास्त एक मीटरपर्यंत दुहेरी शिवलेलं असतं. रिबनला गाठ पडते त्याचं कारण हात थांबतो. मुलगी बॅलन्समध्ये जाते, सगळं लक्ष पायाकडं जातं, मनगट मरतं, रिबन खाली येते आणि पुढच्या झटक्याला स्वतःच्याच वेढ्यातून जाते. म्हणून बॅलन्स आणि रिबन आधी वेगवेगळे पक्के करा, मग एकत्र. स्पायरलमध्ये चार ते पाच वेढे, सगळे सारख्या उंचीचे, आणि हालचाल मनगटातून. कोपर हललं की वेढे मोठे-लहान होतात.

फेब्रुवारीपासून आपल्याकडची हवा कोरडी होते आणि रिबन अंगाला, लिओटार्डला (अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखाला) चिकटायला लागते. सरावाआधी ओल्या टॉवेलवरून ती एकदा ओढून घ्या, ओली करू नका. सुरकुत्या काढायला इस्त्री मंद ठेवा आणि वर सुती कापड टाका. ठेवताना दोन बोटांवर सैल गुंडाळी करा. काडीभोवती घट्ट गुंडाळून ठेवलेली रिबन दुसऱ्या दिवशी कडांवर वळते.

एक टॉस, जवळून

बॉलचा साधा टॉस नीट बसला की बाकी सगळं सोपं जातं, म्हणून यावर पहिलं वर्ष घालवलं तरी वेळ वाया गेला असं समजू नका.

बॉल तळव्यावर बसलेला, बोटं एकमेकांना चिकटून आणि सैल. बोटांनी आवळून धरला किंवा मनगटाच्या वर हाताला टेकवला तर तो दोष धरतात. हात सरळ मांडीच्या बाजूला मागं, गुडघे थोडे वाकलेले. हात पुढं येतो तसे गुडघे सरळ होतात आणि बॉल कपाळाच्या उंचीला, अंगाच्या पुढं सुटतो; शेवटचा स्पर्श बोटांच्या टोकांचा. सोडायला उशीर झाला की बॉल डोक्यामागं जातो. लवकर सोडला की पुढं लांब पडतो. मनगट आत वळलं की उलट्या खांद्याकडं जातो. बॉल कुठं पडला एवढं बघितलं की चूक कुठं झाली ते कळतं. मुलीला 'नीट टाक' म्हणायची गरज राहत नाही.

झेलताना हात वर जाऊन बॉलला भेटतो आणि त्याच्याच वेगानं खाली येतो. कान लावून ऐका: 'थप्प' असा आवाज आला तर हात थांबलेला होता, आणि असा बॉल तिसऱ्या-चौथ्या वेळी उसळून जातो. चांगल्या झेलाचा आवाज येत नाही.

पायऱ्या अशा: उभ्यानं टॉस-कॅच, मग टॉसखाली एक टर्न, मग एक कोलांटी, मग कोलांटी आणि टर्न मिळून. दर सराव-सत्रात दहाचा एक संच, वहीत आकडा. सलग तीन दिवस दहापैकी आठ आले की पुढची पायरी. सात आले तर त्याच पायरीवर थांबायचं, मग स्पर्धा दहा दिवसांवर असो. पालकांना ही वही उघडी दाखवा. 'अमुकच्या मुलीला रिस्क दिली, आमचीला का नाही' हा प्रश्न परत येत नाही.

अंग तयार करणं आणि अंग जपणं

क्रम महत्त्वाचा: दहा मिनिटं धावणं आणि दोरीवरच्या उड्या, मग हालचालीतलं स्ट्रेचिंग, मग पोट आणि पाठ, मग पायाची ताकद, आणि लांबवून धरायचं स्ट्रेचिंग शेवटी. स्प्लिट ३० सेकंद धरायचा, दोन-तीन वेळा, दोन्ही पायांचा. एकाच पायाचा स्प्लिट बघून टाळ्या पडतात, त्यामुळं दुसरा राहूनच जातो आणि पुढं कंबर एका बाजूला ओढली जाते.

मुलीच्या पाठीवर किंवा मांडीवर बसून, पाय ठेवून 'उघडवणं' बंद करा. ओरडणाऱ्या मुलीचा स्नायू स्वतःला आवळून घेतो. त्या वेळी दाबलं की स्नायू फाटतो किंवा हाडापासून ओढला जातो. पायाच्या टोकांवर चढणं-उतरणं तीन वेळा पंधरा, एका पायावर तीन वेळा आठ. टर्न आणि बॅलन्सची सगळी उंची इथून येते.

पाठीच्या कमानी पोटाचे व्यायाम झाल्यावरच. मागं वाकताना कंबरेत एकाच जागी दुखत असेल आणि दोन आठवड्यांत गेलं नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. वाढत्या वयात मणक्याच्या मागच्या भागात बारीक चीर पडू शकते. मलम चोळत सराव चालू ठेवला की ती वाढते.

अकरा ते तेराच्या दरम्यान उंची झपाट्यानं वाढते, आणि काल येणारा बॅलन्स आज येत नाही. हाडं पुढं गेलेली असतात, स्नायू मागून येतात. दर महिन्याच्या एक तारखेला उंची भिंतीवर मांडा. महिन्याला अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त वाढ दिसली तर उड्या आणि कमानी कमी करा, ॲपरेटसचं काम वाढवा. या काळात अनेक मुली खेळ सोडतात, आणि बहुतेकींना 'तू आळशी झालीस' असं कुणीतरी म्हटलेलं असतं. ते म्हणू नका.

क्लासमध्ये वजनकाटा ठेवू नका आणि मुलीच्या जाडीविषयी कुणालाही बोलू देऊ नका, आजीलासुद्धा. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, दही, अंडं, शेंगदाणे हे जेवण या खेळाला पुरतं. कमी पडतं ते प्रमाण. सरावाआधी दोन तास जेवण, अर्धा तास आधी केळं, सरावानंतर तासाभराच्या आत दूध किंवा गूळ-शेंगदाणे आणि मग जेवण. जेवणाबरोबर चहा नको, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळा, त्यानं लागतं. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा आलेली पाळी तीन महिने थांबली, तर 'खेळाडू मुलींचं असंच असतं' म्हणून सोडू नका. खाणं कमी आणि काम जास्त असं झालेलं असू शकतं, आणि त्यात हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांकडं जा.

उन्हाळ्यात सराव सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारी चारला बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं.

रचना

वैयक्तिक रचना ७५ ते ९० सेकंदांची. संगीत ८२ ते ८६ सेकंदांत कापा. कमी-जास्त प्रत्येक सेकंदाला ०.०५ जातात. गुणांचे तीन भाग: अवघडपणा, कला आणि अंमलबजावणी. कला आणि अंमलबजावणी प्रत्येकी १० पासून खाली उतरतात. अवघडपणा शून्यापासून वर चढतो. तिन्हींची बेरीज, वजा दंड.

यातून एक हिशेब निघतो आणि तो फार थोडे लोक करतात. नवी रिस्क घालून मुलगी अवघडपणात दोन-तीन दशांश मिळवते. ती सुटली आणि बॉल पळाला तर १ गुण जातो, रिस्कची किंमत जाते, आणि पुढचे दहा सेकंद संगीत पुढं, मुलगी मागं असं चालतं म्हणून कलेतही कापलं जातं. तीनदा जमली आणि एकदा सुटली तरी हिशेब तोट्यात जातो.

अवघडपणात अंगाच्या तीन प्रकारच्या गोष्टी लागतात: उडी, बॅलन्स, फिरकी. लहान गटात प्रत्येकातली एक-एक निवडा, जिचा आकार फोटोत स्पष्ट दिसेल. १८० अंशांचा स्प्लिट लीप १६० अंशांवर थांबत असेल तर तो घालू नका, खालच्या किमतीचा पण पूर्ण आकाराचा घाला. सरावाचे व्हिडिओ बाजूनं, कंबरेच्या उंचीवरून काढा. वरून काढलेल्या व्हिडिओत प्रत्येक स्प्लिट पूर्ण वाटतो.

नृत्याची पावलं किमान आठ सेकंद, संगीताच्या ठोक्यावर, चेहऱ्यासकट. इथं आपल्या मुली सहज गुण मिळवू शकतात. हलगीचा किंवा संबळाचा ठेका असलेलं संगीत घ्या. ज्या तालावर ती मिरवणुकीत आपोआप नाचते त्यावर पाय चुकत नाहीत. उंच टॉस रचनेच्या पहिल्या ४० सेकंदांत ठेवा, दम लागल्यावर नको. शेवटचे पाच सेकंद ॲपरेटस हातात किंवा अंगाला लागून राहील असं काही तरी, म्हणजे शेवट हमखास बसतो.

सुटलं तर काय करायचं याचाही सराव हवा. आठवड्यातून एकदा रचना चालू असताना सरांनी मुद्दाम बॉल काढून घ्यावा आणि कोपऱ्यात टाकावा. मुलीनं तो उचलून संगीतात परत कुठं शिरायचं, ती जागा आधी ठरलेली असावी. दुसरं ॲपरेटस कार्पेटच्या कडेला ठेवायला परवानगी असते. रिबनला पक्की गाठ पडली तर सोडवत बसण्यापेक्षा ती बाहेर टाकून दुसरी उचलणं स्वस्त पडतं.

नोंद, कागद, दोन वाटा

एक वाट शाळेची: क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा, १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर आणि लातूर असे दोन क्रीडा विभाग आहेत. दुसरी वाट संघटनेची: जिल्हा संघटना, राज्य संघटना, राष्ट्रीय महासंघ. दोन्ही एकाच वेळी चालवता येतात, आणि चालवाव्यात. त्यापुढं १८ वर्षांखालील खेलो इंडिया युवा स्पर्धा आहे. ठाण्याच्या संयुक्ता काळे हिनं तिथं रिदमिकमध्ये महाराष्ट्राला सुवर्णपदकं मिळवून दिली. तिचे व्हिडिओ मुलींना दाखवा, आणि टॉसऐवजी टॉसच्या आधीचे दोन सेकंद बघायला सांगा.

जिल्ह्यात रिदमिकची एकच मुलगी असली तरी जिल्ह्याची नोंद चुकवू नका. जून उजाडताच क्रीडाशिक्षकांना भेटा. जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचं बोनाफाईड, मुख्याध्यापकांच्या सहीचं ओळखपत्र आणि सहा फोटो एका प्लास्टिक फोल्डरमध्ये तयार ठेवा. नावाचं स्पेलिंग सगळीकडं शाळेच्या रजिस्टरप्रमाणं. एका अक्षराच्या फरकानं पुढं पडताळणीत महिने जातात. प्रमाणपत्र हातात पडलं की तिथंच नाव, वय, गट, तारीख, क्रमांक वाचा, चूक असेल तर आयोजक उठायच्या आत दुरुस्त करून घ्या. लॅमिनेशन करू नका. स्कॅन काढा आणि मूळ प्रत सपाट ठेवा. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण या दोन्हींसाठी हेच कागद तपासले जातात.

लिओटार्ड, प्रवास आणि स्पर्धेचा दिवस

लिओटार्ड गावातल्या शिंप्याकडूनही उत्तम होतो. चारही बाजूंनी ताणला जाणारा लायक्रा, शिलाई झिगझॅग, धागा ताणणारा. खडे चिकटवायच्या आधी मुलीला तो घालून कमान, स्प्लिट आणि दोन्ही हात वर करायला लावा. खांद्याला ओढला तर पुढं पाठीत उसवणार. कापड आरपार दिसता कामा नये, लोंबणारं काही नको.

नांदेड-परभणीकडून मुंबईला जायचं तर रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस सोयीची, पण स्पर्धेच्या दिवशी सकाळी उतरेल असं तिकीट काढू नका. एक मुक्काम आधी पोहोचा. हूप एसटीच्या डिकीत कधीच टाकू नका, वर सूटकेस पडते आणि तो कायमचा वाकतो. कापडी कव्हरमध्ये घालून गुडघे आणि पुढच्या सीटच्या मध्ये उभा धरा. रेल्वेत वरच्या बर्थवर आडवा, त्यावर काही न ठेवता. बॉलची थोडी हवा काढून न्या, पंप आणि सुई मुलीच्या स्वतःच्या पिशवीत. संगीत पेन ड्राइव्हवर आणि दोन फोनमध्ये. फाइलला मुलीचं नाव, जिल्हा आणि ॲपरेटस असं नाव द्या.

हॉलमध्ये गेल्यावर आधी वर बघा: दिवे, पंखे, तुळया, एसीचे झरोके. रिबन कोणत्या बाजूला ओढली जाते ते एका स्पायरलमध्ये कळतं. उजेडाचा झोत थेट डोळ्यांत येत असेल तर सरावातच उंच टॉसची दिशा थोडी वळवा. बारीला दीड तास असताना अंग गरम करायला घ्या, अर्धा तास असताना ॲपरेटस, दहा मिनिटं असताना फक्त रचनेतले तीन मुख्य झेल, प्रत्येकी दोनदा. जमले तर थांबा, नाही जमले तरी थांबा. रांगेत उभं राहून विसावा टॉस टाकणाऱ्या मुलीचा हात कार्पेटवर थरथरतो. टो शूजची (फक्त पंजा झाकणाऱ्या बुटांची) बारीक छिद्रं पडलेली जुनी जोडी घालू द्या, नवी घसरते.

रचना झाल्यावर तासभर कुणीही चुका काढू नका. संध्याकाळी गुणपत्रकावरून वहीत चार आकडे लिहा: अवघडपणा, कला, अंमलबजावणी, दंड. पुढच्या तीन महिन्यांत काय करायचं ते या आकड्यांवरून ठरवा. अंमलबजावणी खाली असेल तर रचना हलकी करा. अवघडपणा खाली आणि दंड शून्य असेल, तरच नवं काही घाला.

सोळानंतर

आंतरराष्ट्रीय नियमांत कनिष्ठ गट १३ ते १५ वर्षांचा, सोळाव्या वर्षी ज्येष्ठ. त्या वर्षी रिबन एक मीटरनं वाढते, आणि एवढ्या फरकानं सगळ्या स्पायरलचा वेळ बदलतो. ६ मीटरची रिबन पंधराव्या वर्षाच्या मध्यालाच हातात द्या. हेच वर्ष दहावीचं असतं. खेळ पूर्ण बंद केला तर अंग परत यायला बंद ठेवलेल्या काळापेक्षा जास्त काळ लागतो, म्हणून ऑक्टोबरपासून आठवड्यातून तीन दिवस सव्वा तास एवढं ठेवा: अर्धा तास अंग, पाऊण तास ॲपरेटस, रचना नाही. परीक्षा संपली की पहिले तीन आठवडे उंच उड्या नकोत.

एकटीनं कार्पेटवर जायला घाबरणाऱ्या चांगल्या मुलीला समूह रचनेत घ्या. तिथं पाच मुली आणि सव्वादोन ते अडीच मिनिटं असतात. कॉलेजात गेल्यावर आंतरविद्यापीठ स्पर्धा आहेत. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत जिम्नॅस्टिक्सच्या प्रशिक्षणाची पदविका होते, आणि आपल्या जिल्ह्यांत रिदमिक शिकवणाऱ्या बायकांची गरज फार मोठी आहे. सतरा-अठराच्या मुलीला आठवड्यातून एक दिवस लहान गटाची वही सांभाळायला द्या. दहापैकी किती, हे दुसऱ्या मुलीचं मोजायला लागली की तिला स्वतःच्या रचनेतला नववा टॉसही दिसायला लागतो.